भांड्याला घास

भाद्रपद शुद्ध सप्तमी. सकाळी ऊन, दुपारून झाकोळ, पाऊस नाही. घरोघर गौरी आणायच्या, अंगणापासून देवघरापर्यंत पावलं काढायची, तो हा दिवस. बायांनो, हातातलं काम खाली ठेवा, चार तांदूळ मुठीत घ्या. आणि ज्येष्ठागौरीबाई, तूही ऐक, ही तुझीच गोष्ट.

सात वेशींचं एक नगर होतं. सात वेशींना सात विहिरी, आणि साती विहिरींचं पाणी जड. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबण फेसाळायचा नाही, न्हालं तर केसांच्या जटा व्हायच्या. तांब्या भरून ठेवावा, तर सकाळी त्याच्या गळ्याशी पांढरं वळं दिसायचं.

त्या नगराला राजा होता. मोठा भला राजा. एकदा त्यानं पाहिलं, बायाबापड्या पहाटेच्या अंधारात लोटे घेऊन रानात जातात. कुणाला काटा मोडतो, कुणाला जनावर आडवं येतं, कुणी लाजेनं दिवसभर पोट आवळून बसते. राजाला वाईट वाटलं. मग त्यानं दवंडी पिटवली, घरोघर मागल्या दारी खोली बांधा. मग खोलीत भांडं बसवलं. भांडं उंच, शंखासारखं पांढरं, बोट फिरवावं तर घसरावं असं. वर पाण्याची टाकी, टाकीला साखळी. साखळी ओढली की पाणी धडाधडा येई आणि सगळं घेऊन जाई.

त्या नगरात गोदूबाई नावाची एक सासू होती. तिला एक थोरली सून, मथुरा. एक धाकटी सून, द्वारका. द्वारकेचा नवरा भानुदास, थोरला मुलगा परगावी चाकरीला. गोदूबाईचे गुडघे धरलेले. उंच भांड्यावर पहिल्यांदा बसून आली आणि म्हणाली, "राजानं मला सिंहासन दिलं गं!"

पण सिंहासनाला महिना झाला नाही तोच पाण्याच्या कडेला पिवळं वळं आलं. दुसऱ्या महिन्याला वळ्याखाली ओघळ आले. तिसऱ्या महिन्याला वास येऊ लागला. आता ते घासायचं कुणी? मथुरा म्हणाली, "माझ्याकडे चूल आहे." भानुदास म्हणाला, "हे काय पुरुषाचं काम?" गोदूबाई म्हणाली, "माझ्याकडे देव आहेत." मग राहिली द्वारका. धाकटी, शेवटी आलेली. काम तिच्याकडे आलं, आणि एकदा आलं ते आलंच.

आल्याचं तिला दुःख नव्हतं. दुःख दुसरंच होतं. पहिल्या गौरीला ती पुरणाची डाळ घ्यायला गेली, तशी गोदूबाईनं डबा मागे ओढला.

"थांब. जो हात ते भांडं घासतो, तो गौरीच्या पुरणाला नको."

द्वारका म्हणाली, "आत्याबाई, न्हाऊन आलेय. सोवळं नेसलेय."

"न्हालीस तरी हात तोच ना?"

तिच्या आईचं पुरण पंचक्रोशीत नावाजलेलं. आई गेली तेव्हा तिनं द्वारकेसाठी मागे दागिना ठेवला नाही, जमीन ठेवली नाही, एवढं पुरण शिकवून गेली. डाळ किती शिजवायची, गूळ केव्हा घालायचा, पळी उभी राहिली की उतरवायचं, सगळं. सासरी आल्यापासून द्वारकेनं ते एकदाही केलं नव्हतं. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षी गौरी आल्या, तेव्हाही ती मागल्या दारी बादलीत हात घालून बसली होती, आणि आतून गुळाचा वास येत होता.

त्या दिवशी नगरात एक म्हातारी आली. पांढरे केस, जुनेरं नेसलेली, हनुवटीवर हिरवं गोंदण. तीन कोस चालून आली होती. पहिल्या घरी गेली, म्हणाली, "बाई, बसायला जागा आहे का?" ती बाई म्हणाली, "कुलूप आहे, किल्ली सापडत नाही." दुसऱ्या घरी गेली. तिथली म्हणाली, "पाहुण्यांसाठी राखलंय." मग तिसऱ्या घराच्या मागल्या दारी आली. तिथं द्वारका.

"बाई गं, पोट फुटायला आलंय. बसायला जागा आहे का?"

द्वारका लगबगीनं उठली. "आहे आजी, या. पण लाज वाटते. भांडं पिवळं पडलंय."

"पिवळं तर पिवळं," म्हातारी म्हणाली. "मला कुठं त्यात जेवायचंय?"

मग म्हातारी आत गेली. द्वारकेनं बाहेर पाण्याची बादली भरून ठेवली, पुसायला धडपं ठेवलं. म्हातारी आली, हातपाय धुतले, पायरीवर टेकली. तिचा चेहरा असा निवांत झाला, की द्वारकेलाच बरं वाटलं.

"तू मला जागा दिलीस. तुला काय देऊ?"

"काही नको आजी. भांडं पांढरं राहील असा काही उपाय सांगा. तेवढं झालं तर माझा हात एकदा पुरणाला लागेल."

म्हातारी म्हणाली, "वसा सांगते. पण उतावीळ होशील, अर्धा ऐकशील, अर्धाच पाळशील."

"नाही आजी. सगळा ऐकेन."

"मग ऐक. भांड्याला रोज घास. शनिवारी तीनदा घास. आणि—"

एवढ्यात आतून गोदूबाईची हाक आली, "द्वारके! अगं गौर दारात आली! पायावर पाणी घालायला कुणी आहे का नाही? दोन तीर्थं घरात, आणि पाणी घालायला एक मिळेना!"

द्वारका धावत गेली. गौरीच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. मग गोदूबाई गौर हातात घेऊन घरभर फिरली. "गौर कशाच्या पावलांनी आली?" बाया म्हणाल्या, "सोन्याच्या पावलांनी." गौरीला कोठी दाखवली, चूल दाखवली, तुळस दाखवली. मागलं दार आलं, तशी गोदूबाई वळली. "इथं काही नाही," म्हणाली. द्वारका परत मागल्या दारी आली, तर पायरीवर नुसती ओली पावलं. म्हातारी नव्हती.

मग द्वारकेनं वसा घेतला. म्हातारीनं सांगितलं घास, म्हणून ती घासू लागली. रोज एकदा, शनिवारी तीनदा. पहिल्या महिन्यात विटकरीच्या भुकटीनं घासलं. भांडं दोन दिवस पांढरं राहिलं, तिसऱ्या दिवशी पिवळं झालं. दुसऱ्या महिन्यात वाळूनं घासलं. एक दिवस पांढरं राहिलं, दुसऱ्या दिवशी पिवळं. तिसऱ्या महिन्यात तारेची घासणी आणली, वाण्याकडून झणझणीत पाण्याची बाटली आणली. सकाळी पांढरं, दिवेलागणीला पिवळं. जितकं घासावं तितकं लवकर डागावं. बोट फिरवलं तर आता घसरत नव्हतं, अडत होतं. शंखाचा खडबडीत दगड झाला होता.

आणि तिचे हात! आधी लाल झाले, मग सुकले, मग फुटले. मिठाला हात लागला की डोळ्यांत पाणी येई. वेणी घालताना केस भेगांत अडकत. एकदा भानुदासच्या पाठीला तेल लावायला बसली, तर तो म्हणाला, "काय गं, हात आहेत का खवणी?" आणि हसत मागे वळला. हात पाहिले, मग हसला नाही. सदरा चढवला आणि बाहेर गेला.

द्वारकेनं वसा टाकला नाही. मनात म्हणे, माझंच काही चुकत असेल, अजून जोर लावायला हवा. पौष गेला, चैत्र गेला, आषाढ गेला. श्रावण आला. श्रावणातल्या पहिल्या शनिवारी ती तिसऱ्यांदा घासत होती, आणि मागल्या दाराशी आवाज आला.

"बाई गं, बसायला जागा आहे का?"

तीच म्हातारी. तेच जुनेरं, तेच हिरवं गोंदण. म्हातारी आत डोकावली. भांड्यावरून बोट फिरवलं. मग द्वारकेचे हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले.

"अगं माझ्या पोरी, हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच, आजी. रोज घासलं. शनिवारी तीनदा घासलं. एक दिवस चुकवला नाही."

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अगं, मी म्हटलं भांड्याला घास. जसा गाईला घास, कावळ्याला घास, वास्तूला घास! जेवायला घाल म्हटलं मी. आणि तू त्याला उपाशी ठेवून वर्षभर सोलत बसलीस!"

द्वारकेला हसू आलं. हसता हसता रडू आलं. म्हातारीनं तिला पोटाशी धरलं. आवाज ऐकून गोदूबाई बाहेर आली, मागून मथुरा आली, तिच्यामागून भानुदास.

"कोण तुम्ही? आमच्या सुनेला काय केलंत?"

"मी काही केलं नाही, बाई. तुम्ही केलंत ते बघतेय," म्हातारी म्हणाली. "बसा. वसा अर्धा राहिला होता, तो पुरा सांगते. एकीला नाही, सगळ्यांना सांगते."

मग ती सांगू लागली. "जो बसेल, त्यानं उठताना तांब्याभर पाणी काठाखालून फिरवावं. राजा असो, रंक असो, सासू असो. डाग ओला असतो तेव्हा नुसत्या पाण्यानं जातो. सुकला की मग हातांचा बळी मागतो. हे झालं पान मांडणं. मग रोजचा घास. लिंबं पिळून साली टाकता ना? त्या उकळा. घरातलं शेवटचं माणूस निजायला जाईल, त्यानं वाटीभर ते आंबट पाणी भांड्याच्या कडेनं सोडावं आणि झाकण लावावं. घासायचं नाही. भांडं रात्रभर जेवतं, आपण झोपायचं."

"आणि शनिवारी?" द्वारकेनं विचारलं. या वेळी ती हलली नाही, कुणी हाक मारली असती तरी हलली नसती.

"शनिवारी तीन घास. भांड्यातलं पाणी कुंच्यानं पुढे लोटून खाली घालवायचं, म्हणजे पिवळं वळं उघडं पडतं. पहिला घास लिंबूसत्वाचा, एक मूठ, वळ्यावर आणि काठाखाली. काठाखाली टिकत नसेल तर जुन्या धडप्याची पट्टी त्यात भिजवून चिकटवायची. सकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही. सकाळी पट्टी काढायची, दुसरा घास खाण्याच्या सोड्याचा, चमचाभर. फसफसेल, फसफसू दे. मग कुंचा एकदा फिरवायचा. एकदाच. तिसरा घास साध्या पाण्याचा, साखळी ओढली की झालं."

मथुरा म्हणाली, "आणि वाण्याकडची ती झणझणीत बाटली? कपडे पांढरे करायची पूड?"

"एका पंगतीत कधी बसवू नका. त्यांचं आंबटाशी सवतीचं वैर. एकत्र आल्या की असा धूर काढतात, की घासणारीची छाती भरते. भांडं उजळायच्या नादात माणूस गमावू नका."

मग म्हातारीनं पदराच्या गाठीतून तुपाची पुडी काढली, द्वारकेच्या हातांना तूप चोळलं, वर मऊ चिंध्या बांधल्या. "महिनाभर हे हात पाण्यात घालायचे नाहीत."

गोदूबाई म्हणाली, "अहो, मग आजचे तीन घास कुणी द्यायचे?"

म्हातारी म्हणाली, "वसा बसणाऱ्यांचा असतो बाई, घासणारीचा नसतो." एवढं बोलून ती आत गेली, बसून आली, तांब्याभर पाणी फिरवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग ती चालू लागली.

दिवे लागले. मथुरा म्हणाली, "मी उद्याच्या भाजीचं बघते." भानुदास म्हणाला, "मी गोठ्यात बघून येतो." गोदूबाई देवापुढे बसली, पण तिला उठावंच लागलं, कारण गुडघे धरलेले, पोट म्हातारं, आणि सिंहासन एकच. ती गेली. मागोमाग द्वारका जाऊन पायरीवर बसली, हात चिंध्यांत गुंडाळलेले.

आतून आवाज आला, "द्वारके!"

"ओ, आत्याबाई."

"हे पाणी कुठं लोटायचं म्हणाली ती?"

"पुढे, आत्याबाई. कुंच्यानं. हळू लोटा, अंगावर येईल."

"आलं गं अंगावर!"

द्वारकेनं ओठ दाबले. "येतं तसं. आता मूठभर लिंबूसत्व घ्या. वळ्यावर टाका."

"वळं कसलं, इथं सगळंच पिवळं आहे!"

"मग सगळ्यावर टाका."

"काठाखाली हात जात नाही."

"पट्टी भिजवा आणि बोटानं सरकवा. डावीकडून सुरू करा, तिथं टाकीचं पाणी कमी पोचतं."

आत पाणी ठिबकलं, पट्टी सरकली. मग गोदूबाईचा आवाज आला, पण बदललेला. "तुला हे सगळं पाठ आहे गं."

"तीन वर्षं झाली, आत्याबाई."

झाकण पडल्याचा आवाज आला. गोदूबाई बाहेर आली, हात धुतले, एकदा धुतले, दुसऱ्यांदा धुतले, तिसऱ्यांदा धुतले. आणि निजायला गेली.

सकाळी न्हायच्या आधी ती स्वतःच उठून मागल्या दारी गेली. पट्टी काढली, सोडा टाकला. फसफसलं. कुंचा एकदा फिरवला, साखळी ओढली. आणि ओरडली, "मथुरे! भान्या! इकडे या!" सगळे धावले. पिवळं वळं फिकं झालं होतं, ओघळ गेले होते. ओरखडे राहिले होते, ते राहणारच होते, पण खालचा पांढरा रंग पहिल्यांदाच जोर न लावता दिसत होता. भानुदासनं वाकून ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पुढला शनिवार माझा." मथुरा म्हणाली, "त्यापुढला माझा. साली मी उकळेन, नाहीतरी चूल माझ्याकडेच आहे."

मग गोदूबाई न्हाली, देवापुढे बसली. गंध उगाळायला सहाण पुढे घेतली आणि हात थांबला. तिनं उजव्या हाताकडे पाहिलं. काल ज्या हातानं भांड्याला घास घातला, त्याच हातानं ती आता देवाला गंध लावणार होती. हात तर तोच होता. मग तिनं गंध लावलं. देवानं काही तोंड फिरवलं नाही.

श्रावण सरला. शनिवारमागून शनिवार गेले, एक सासूचा, एक नवऱ्याचा, एक जावेचा, पुन्हा एक सासूचा, पुन्हा एक नवऱ्याचा. जो बसे, तो तांब्या फिरवी. वास गेला, वळं गेलं. तूप जिरत गेलं, भेगा मिटत गेल्या. महिना भरला, तशी द्वारकेनं चिंध्या सोडल्या आणि आपली वेणी आपण घातली.

भाद्रपदात गौरी आल्या. गोदूबाईनं गौर हातात घेतली, घरभर फिरली. "गौर कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी." कोठी दाखवली, चूल दाखवली, तुळस दाखवली. मागलं दार आलं. बाया वळणार, तोच गोदूबाईनं दार उघडलं.

"गौरीबाई, ही आमची मागली खोली," ती म्हणाली. "तू तीन दिवसांसाठी लांबून येतेस, तुला कुणी कधी विचारलं नाही. थकल्या बाईला बसायची जागा आहे ही. स्वच्छ आहे. सगळ्यांनी मिळून ठेवलीय."

बायांनी तोंडाला पदर लावले. द्वारकेनं मात्र थोरल्या गौरीच्या मुखवट्याकडे पाहिलं. हनुवटीवर हिरवा ठिपका. दरवर्षी असायचा, तिनं कधी नीट पाहिला नव्हता. तिनं खाली वाकून नमस्कार केला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजन. पहाटे गोदूबाईनं डाळीचा डबा आणला आणि द्वारकेपुढे ठेवला. "जड पाणी आहे. शिजेल ना गं?"

"आईनं शिकवलंय, आत्याबाई. डाळ रात्रीच भिजत घातलीय मी."

"म्हणजे तुला माहीत होतं, मी डबा देईन?"

"नव्हतं माहीत," द्वारका म्हणाली. "पण भिजत घातली."

मग डाळ शिजली, गूळ पडला, पळी उभी राहिली. गौरीला सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवला, मधोमध द्वारकेच्या हातचं पुरण. नैवेद्य झाला, पानं मांडली. गोदूबाई पानावर बसली, पण जेवेना. द्वारका घाबरली. "काय झालं, आत्याबाई? काही चुकलं का?"

गोदूबाई म्हणाली, "भांड्याला रोज घास मिळतो या घरात. मला कधी मिळायचा?" आणि तिनं आ केला.

द्वारकेनं पुरणाची पोळी मोडली, तुपात बुडवली, आणि आपल्या हातानं सासूच्या तोंडात पहिला घास घातला.

जशी गौर द्वारकेला मागल्या दारी भेटली, तशी ती तुम्हां सगळ्यांच्या मागल्या दारी भेटो. जसे तिचे हात बरे झाले, तसे घासून फुटलेले सगळे हात बरे होवोत. कुणा अडल्या बाईला तुमच्या दारातून परत जावं न लागो. सालभरच्या चारशे घासण्यांची ही कहाणी पाच शनिवारांच्या घासांत भरली, फळली, पुरी झाली. त्या पाच शनिवारांत भांड्यावर घासायला कुंचा पाच वेळाच फिरला. पुरणाचं पातेलं रिकामं झालं.